बिनरांगेचा किल्ला

ताजमहाल पाहायला निघालेल्या माणसाला आपल्याकडे भाड्याच्या आधी सल्ला मिळतो. "सकाळी लवकर जा, गर्दी नसते." सांगणाऱ्याने ताज पाहिलेला असतो किंवा मिठाईच्या खोक्यावर पाहिलेला असतो, पण त्याच्या आवाजातला ठामपणा तेवढाच असतो. भंडाऱ्याच्या त्रिमूर्ती चौकात चहा पिताना मी सहज बोललो की डिसेंबरात घरच्यांना घेऊन आग्र्याला जायचं म्हणतोय. कप खाली ठेवेपर्यंत आजूबाजूच्या बाकांवरून पुरातत्त्व खातं गोळा झालं. एक म्हणाला, सकाळी जा. दुसरा म्हणाला, छे, दुपारी जा, लोक जेवायला गेलेले असतात. तिसऱ्याने पौर्णिमेचा सल्ला दिला. पौर्णिमा आणि तिच्या मागचे-पुढचे दोन-दोन दिवस रात्रीही ताज दाखवतात, हे त्याला माहीत होतं. तेव्हा पन्नास-पन्नास माणसांच्या तुकड्या करून अर्ध्या तासासाठी आत सोडतात, हे मात्र त्याने सांगितलं नाही. चौथा सर्वांत अनुभवी. तो बिडी विझवत म्हणाला, "शुक्रवारी जा. चिटपाखरू नसते." त्याचं म्हणणं अक्षरशः खरं निघालं. शुक्रवारी ताजमहाल बंद असतो.

भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला रांगेबद्दल सल्ला देणं तसा आगाऊपणाच. आमचं शिक्षण धान खरेदी केंद्रावर झालेलं असतं. दिवाळीच्या सुमारास हलका धान निघतो आणि केंद्रं सुरू होतात, म्हणजे सुरू होणार असं कानावर येऊ लागतं. तेव्हापासून रांग. आधी ऑनलाइन नोंदणीची, मग सातबाऱ्याची, मग केंद्राच्या आवारात कट्ट्यांची, म्हणजे धानाच्या पोत्यांची. काटा असला तर बारदाना नसतो. बारदाना आला तर हमाल लग्नाला गेलेले असतात. दोन्ही जुळून आलेच तर ग्रेडर धानात यंत्र खुपसतो, आकड्याकडे बघतो आणि डॉक्टरच्या गांभीर्याने सांगतो, ओलावा १७ टक्क्यांच्या वर आहे, वाळवून आणा. कट्टे परत पसरायचे, दोन उन्हं द्यायची आणि पुन्हा शेपटाला लागायचं.

खरिपात युरियाची रांग निराळी. तिचं सौंदर्य पाहायचं तर दुकान उघडायच्या आधी जावं. शटरसमोर माणूस एकही नसतो. असतात त्या चपला. एक निळ्या पट्ट्याची स्लीपर, तिच्यामागे टाच झिजलेली कोल्हापुरी, मग अर्धी वीट, मग दगडाखाली दाबलेलं पासबुक, मग एक रिकामी पाण्याची बाटली, मग परत चपला. सगळे मालक समोरच्या टपरीवर एका पायात चपल घालून चहा पीत बसलेले. कोणाची चपल कोणाच्या मागे आहे हे प्रत्येकाला पाठ असतं. मध्ये कुत्रं येऊन एखादा नंबर पळवून नेतं, मग पंचायत बसते, साक्षीपुरावे होतात आणि गेलेल्या चपलेच्या जागी तिची जोडीदारीण वारस म्हणून लावली जाते. या रांगेला पोलीस लागत नाही, दोरी लागत नाही, आणि उभं राहावं लागत नाही. ज्यांनी ही पद्धत काढली त्यांना कुठल्या विद्यापीठाने अजून बोलावलेलं नाही.

या शास्त्रात आमच्याकडे अधिकारी पुरुष म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे भाटवे. राहणार लाखनीकडे. त्यांचा सिद्धांत असा की रांगेत माणसाने कधी उभं राहू नये, माणसाचं काहीतरी उभं राहावं. आग्र्याला ते आणि आमची बाई, म्हणजे ती थोरली बहीण, दोघंही येणार म्हटल्यावर मी निर्धास्त झालो. तिकिटं मी घरूनच मोबाइलवर काढली. आत जायचे ५० रुपये आणि मुख्य घुमटात जायचे वेगळे २००. हे जादा २०० रुपये २०१८ च्या डिसेंबरात सुरू झाले, ते घुमटातली गर्दी कमी व्हावी म्हणून. गर्दी किती कमी झाली ते पुढे येईलच. भाटव्यांना मोबाइलमधलं तिकीट पसंत नव्हतं. "खिडकीवर रांगच नाई लावली, तं तिकीट खरं कायच्यावरून?" असं त्यांनी नागपूर येईस्तोवर विचारलं. शेवटी इटारसीच्या आसपास ते दुसऱ्या मुद्द्यावर आले. "साळेबुवा, आग्र्यात आपल्या ओळखीचा कोणी आहे का?"

हा प्रश्न मराठी माणूस जगाच्या पाठीवर कुठेही विचारतो. पंढरपुरात विचारतो, शिर्डीत विचारतो, दवाखान्यात विचारतो. वर गेल्यावर चित्रगुप्ताच्या खिडकीपुढेही विचारेल. योगायोगाने ओळख निघाली. वरठीच्या कारखान्यात काम करणारा एक जण मूळचा आग्र्याचा, त्याच्या मोठ्या भावाचा नंबर भाटव्यांनी फोनाफोनी करून मिळवला. गाडीतूनच फोन लावला, स्पीकर सुरू केला, म्हणजे डब्यालाही आपली पोच कळावी. पलीकडून अत्यंत अगत्याने चौकशी झाली. कुठून आलात, किती जण आहात, काही लागलं तर सांगा. मग आमच्या भाटव्यांनी मुद्द्याला हात घातला, लाइन का कुछ हो सकता क्या? पलीकडचा गृहस्थ आवाज खाली आणून, घरचं गुपित सांगावं तसा म्हणाला, "भाईसाहब, सुबह जल्दी जाइए, भीड़ नहीं होती."

ताज सूर्योदयाच्या अर्धा तास आधी उघडतो. आम्ही त्याच्याही आधी पोचलो. तिथे आमच्याआधी, मोजदाद सोडा, एक गाव उभं होतं. कानटोप्या घातलेलं, पेंगुळलेल्या पोरांना खांद्यावर घेतलेलं, कन्नड, बंगाली, पंजाबी आणि दोन ठिकाणी स्वच्छ सोलापुरी बोलणारं गाव. ही सगळी हुशार माणसं होती. यांतल्या प्रत्येकाला कोणीतरी विश्वासात घेऊन सांगितलं होतं की सकाळी लवकर जा. रांगेत उभं राहायची तयारी असलेले साधेभोळे लोक तेव्हा हॉटेलात झोपले होते. बाहेर होती ती रांग टाळणाऱ्यांची रांग, आणि रांगांत ही सगळ्यांत चिवट. हिच्यातल्या कोणालाही रांगेचं अस्तित्व मान्य नसतं. आपण पहिलेच आलो आहोत आणि पुढची ही माणसं काहीतरी चुकून उभी आहेत, असा भाव प्रत्येकाच्या चेहऱ्यावर असतो.

भाटव्यांनी परिस्थिती पाहिली आणि घरचा उपाय केला. उजव्या पायातली चपल काढून रांगेत ठेवली, मला म्हणाले, "या, चहा घेऊ." आम्ही वीस-पंचवीस पावलं गेलो असू, तोच मागून धावत एक तरुण आला. हातात चपल. दम लागलेला. "अंकल, आपकी चप्पल रह गई!" त्याच्या डोळ्यांत इतका निर्मळ परोपकार होता की भाटव्यांना धन्यवाद म्हणणं भाग पडलं. तो परत गेला आणि आमच्या जागी उभा राहिला. तसा तोही बरोबरच होता. त्याच्या मुलखात चपल ही पायात घालायची वस्तू आहे.

मग भाटव्यांनी परदेशी पाहुण्यांच्या रांगेकडे मान वळवली. ती वेगळी असते आणि आखूड असते. त्यांना आत जायला ११०० आणि घुमटाचे २००, मिळून १३०० रुपये पडतात, असं मी सांगितलं. भाटव्यांनी डोळे मिटले. ते पैशांत विचार करत नाहीत, धानात करतात. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला २३६९, कट्टा ४० किलोचा. ओठ हलले, आणि निकाल लागला: "सव्वा कट्टा अन् वरतं पाच किलो देऊन गोऱ्यायची रांग वाचते. आपण पाव कट्ट्यात आलो. उभं राहा." आग्र्याच्या कुठल्याही फलकावर दरांतली ही तफावत इतकी स्वच्छ मांडलेली मला दिसली नाही.

आग्रा म्हटलं की मराठी माणसाला १६६६ साल आठवणारच. शिवाजी महाराज याच शहरातून पहारे चुकवून निसटले, मिठाईच्या पेटाऱ्यांची गोष्ट आपण शाळेत डोळे विस्फारून ऐकलेली असते. तेव्हा आग्र्यात चौकीवरून काहीतरी शिताफीने पार नेणं हा भाटव्यांना परंपरेचा भाग वाटत असला, तर त्यांना एकट्याला दोष देता येत नाही. फरक इतकाच की महाराजांना बाहेर पडायचं होतं आणि भाटव्यांना खर्रा आत न्यायचा होता.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून तळहाताखाली घोटघोटून एकजीव केलेली पुडी. ती आमच्याकडे वेळ मोजायलाही वापरतात. भंडारा ते नागपूर म्हणजे दोन खर्रे. ताजमध्ये तंबाखू चालत नाही, खाण्याचे डबे चालत नाहीत, लायटर चालत नाही. भाटव्यांनी पुड्यांची वाटणी केली होती: एक खिशात, एक मोज्यात आणि एक बाईच्या तिखटमिठाच्या पुऱ्यांच्या डब्यात, तळाशी. जवानाने डबा उघडला, पुऱ्यांचा वास घेतला, क्षणभर त्याचं मन द्रवल्यासारखं वाटलं, मग डबा बाजूला. खिशातली पुडी गेली. मोज्यातली पुडी त्याने न वाकता ओळखली. रोज हजारो मोजे बघणाऱ्या माणसापुढे लाखनीची युद्धनीती टिकली नाही.

तपासणीत बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी. बायकांची भराभर सरकली. बाई केव्हाच आत गेली आणि सगळ्यांची तिकिटं असलेला मोबाइल माझ्या खिशात बाहेर राहिला. तिचं कसं काय झालं ते विचारू नका, तिने मला अजून सांगितलेलं नाही. ती आतल्या कमानीपाशी आमच्याकडे बघत उभी होती, एवढं खरं. रांग टाळलेला माणूस रांगेतल्या माणसाची वाट बघत जितका वेळ उभा राहतो, तितका वेळ रांगेतला माणूसही उभा राहत नाही.

आणि मग आम्ही आत गेलो, त्या प्रसिद्ध दरवाज्याच्या कमानीखाली आलो, जिथून ताज पहिल्यांदा दिसतो आणि भलेभले गप्प होतात. आम्हीही गप्प झालो. समोर काहीच नव्हतं.

धुकं. डिसेंबरातलं, यमुनेवरून उठलेलं, घट्ट, पांढरं धुकं. कारंज्यांची रांग थोडी पुढे जाऊन संपत होती आणि त्यापलीकडे जग नव्हतं. शे-दोनशे माणसं हातात मोबाइल उंच धरून शून्याचे फोटो घेत होती. एका बापाने पोराला कडेवर घेतलं आणि बोट दाखवून म्हणाला, "वो देखो ताजमहल." पोराने निमूट मान हलवली. लहान मुलं मोठ्यांना किती सांभाळून घेतात, ते अशा वेळी दिसतं. भाटवे बराच वेळ त्या पांढऱ्या पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "लय मोठा आहे."

खरी गंमत पुढे होती. तिकिटावर तीन तासांची मर्यादा असते. म्हणजे सगळ्यांच्या आधी उठून, सगळ्यांच्या आधी रांग लावून आम्ही जे मिळवलं होतं, ते तीन तासांचं धुकं. ते विरळ होत गेलं तसा एकेक मिनार उगवू लागला, मग घुमटाची कड आली, मग पांढऱ्यावर पांढरं असं काहीतरी पुसट उभं राहिलं, आणि घड्याळ म्हणू लागलं की निघायची वेळ झाली. आम्ही बाहेर पडत होतो तेव्हा झोपेतून उठून, आलूचे पराठे खाऊन, पोट चोळत आलेली माणसं लख्ख उन्हात आत चालली होती. त्यांना कोणीही कसलाही सल्ला दिलेला नसावा.

घुमटात जायचं राहिलं नाही, २०० रुपये भरले होते. चबुतऱ्यावर चढण्याआधी जोडे काढायचे किंवा त्यांच्यावर पांढऱ्या पिशव्या चढवायच्या. तिथे काढलेल्या चपलांची ओळ बघून भाटव्यांना पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं. आत अंधार, जाळीभोवती गोल फिरणारा लोंढा, आणि थांबायला लागलं की शिट्टी, चलते रहिए, चलते रहिए. जाळीच्या आत दोन कबरी. त्या खऱ्या नव्हेत. मुमताजची आणि शाहजहानची खरी कबर खाली तळघरात आहे, तिथे एरवी कोणाला सोडत नाहीत. शाहजहानच्या उरुसाला वर्षातून तीन दिवस ती वाट उघडते. तेव्हा प्रवेशही फुकट असतो आणि गर्दी कशी असेल, ते ज्याने आषाढीला पंढरपूर पाहिलंय त्याला सांगायला नको. म्हणजे १६३२ साली सुरू झालेल्या, बावीसेक वर्षं खपून उभ्या केलेल्या त्या इमारतीत बारमाही रांग लागते ती नकलेसाठी, आणि अस्सल वस्तूच्या दर्शनाला तारीख धरून जावं लागतं. याला आपण नावं ठेवू शकत नाही. आपल्याकडेही उत्सवमूर्ती वेगळी असतेच.

परतीच्या गाडीत मी हिशेब मांडत बसलो. रांग टाळायचे जेवढे मार्ग आहेत, ते सगळे माहीत झाले की त्या प्रत्येक मार्गावर रांग लागते. रायगडाचा रोपवे घ्या. गड चढायचे श्रम आणि वेळ वाचावा म्हणून तो १९९६ साली सुरू झाला. पाळणा चार-पाच मिनिटांत वर जातो. शनिवार-रविवारी त्या चार मिनिटांसाठी हिरकणीवाडीत लोक इतका वेळ बसलेले असतात की तेवढ्यात पायऱ्यांनी माणूस वर जाऊन, जगदीश्वराचं दर्शन घेऊन, पिठलं-भाकरी खाऊन येतो. पण पायऱ्यांनी जा असं त्यांना सांगून बघा. "एवढी रांग लावली ती सोडायची?" हा प्रश्न तुम्हाला ऐकावा लागेल. लावलेली रांग ही आपल्याकडे गुंतवणूक असते.

दुसरी गोष्ट लक्षात आली ती जरा अडचणीची आहे. आपल्याला रांग टाळायची असते हे खोटं. रांग नकोच असती तर रांग नसलेल्या जागा आपण शोधल्या असत्या, आणि त्यांची आपल्याकडे काय कमी आहे? आपल्याला रांग हवी असते. लांबलचक, उन्हातली, कंटाळलेली रांग हवी असते. फक्त तिच्यात दुसरे उभे हवे असतात आणि आपण बाजूने, कोणाच्या तरी ओळखीने, खालमानेने पण आतून खूश होत पुढे निघालेले हवे असतो. रांगच नसेल तर पुढे जाणार कोणाच्या?

हे पटत नसेल त्याने पवनीला यावं. वैनगंगेच्या काठचं हे गाव, देवळं आणि घाट इतके की त्याला विदर्भाची काशी म्हणतात. इथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केलं, तेही शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या हातून. जगन्नाथ टेकडीखाली स्तूप निघाला. टेकडी म्हणून आम्ही ज्याच्यावर पिढ्यान् पिढ्या चढउतार केली, ती टेकडी नव्हतीच. कोरीव कठड्याचे खांब निघाले, ब्राह्मीत लिहिलेली दात्यांची नावं निघाली, फणे उभारलेला मुचलिंद नाग निघाला. ताजच्या पायाचा पहिला दगड बसला तेव्हा हा स्तूप बांधून अठराशे वर्षं उलटून गेली होती. महाक्षत्रप रूपिअम्म याच्या नावाचा स्तंभही पवनीचाच, तो नागपूरच्या अजब बंगला नावाच्या संग्रहालयात नेऊन ठेवला आहे. आता मला सांगा, जगन्नाथ टेकडीवर तुम्ही शेवटचे कधी धक्काबुक्कीत सापडलात?

याचा अर्थ पवनीत रांग लागत नाही असं नाही. लागते, पण दुसऱ्या गेटवर. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचं एक दार पवनीच्या बाजूला आहे. नागझिऱ्याहून २०१३ मध्ये पायी चालत आलेला जय नावाचा दांडगा वाघ इथे राहिला आणि २०१६ मध्ये दिसेनासा झाला, तेवढ्या तीन वर्षांत त्याने पवनीला जे नाव मिळवून दिलं ते मुचलिंदाला दोन हजार वर्षांत जमलं नाही. अजूनही सुट्टीच्या दिवसांत बुकिंग मिळता मिळत नाही. ३१ डिसेंबर २०२४ ला याच अभयारण्याच्या गोठणगाव बाजूला एक वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर असताना जिप्सींनी दोन्हीकडून वाट अडवली. चित्रफीत सगळ्यांनी पाहिली, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या चित्रफितीत मला वाघिणीपेक्षा जिप्सींची रांग बघण्यासारखी वाटली. जंगलात, जिथे जवळजवळ एकशे नव्वद चौरस किलोमीटर मोकळे आहेत, तिथेही आम्ही एकामागे एक लागून रस्ता बंद करून दाखवला. बिचारी वाघीण. तिच्या ओळखीचं तिथे कोणी नव्हतं.

तर आग्र्याहून आल्यावर भाटव्यांची समजूत काढायला म्हणून एका रविवारी मी त्यांना अंबागडला नेलं. तुमसर तालुका, सातपुड्याच्या रांगेतला डोंगर (रांग म्हणावी अशी तिथे तेवढीच). देवगडच्या बख्त बुलंद शहाचा सुभेदार राजाखान पठाण याने सतराव्या शतकाच्या शेवटी हा किल्ला बांधला, पुढे नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि त्यांनी त्याचा तुरुंग केला. इथल्या विहिरीचं साचलेलं, सडलेलं पाणी कैद्यांना प्यायला लावत आणि त्यातच त्यांचा शेवट होई, असं सांगतात. अंबागडच्या साऱ्या इतिहासात रांग लागली असेल तर ती त्या विहिरीपाशी. आणि खात्रीने सांगतो, मराठी मुलखातली ती एकमेव रांग असेल जिच्यात प्रत्येक जण मागच्याला म्हणत असेल, या ना, आपण आधी.

२०२५ च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. विदर्भातला त्यांत एकही नाही. यावर आमच्याकडे नाराजीचे अग्रलेख लिहिता येतील, पण त्या रविवारी अंबागडच्या पायथ्याशी गाडी लावताना मला यादी करणाऱ्यांचे आभार मानावेसे वाटले. गाडी लावायला पावती नाही. पावती नसल्याने ती फाडणारा नाही, तो नसल्याने त्याच्याशी हुज्जत नाही. तिकीट नाही, तीन तास नाहीत, शिट्टी नाही. पायऱ्या चढताना सागाची पानं पायाखाली मोडत होती. वरून एक वानर बारकाईने आमच्या पिशवीची तपासणी करत होतं, तेवढीच काय ती सुरक्षाव्यवस्था. मोज्यांकडे त्याने ढुंकून पाहिलं नाही. भाटव्यांनी खर्रा उघडपणे काढला, हातावर घेतला आणि तोंडात टाकायच्या आधी सवयीने मागे वळून बघितलं. मागे कोणीच नव्हतं.

दरवाज्यातून आत गेलो. बुरूज चांगले भरभक्कम, तटावरून खाली बघितलं तर धान निघून गेलेल्या बांध्या आणि त्यांत हिरवीगार लाखोळी. हवा इतकी स्वच्छ की दूरचा तलाव चमकताना दिसत होता. मी विचारलं, "कसं काय भाऊजी?"

"चांगलं आहे," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "पन इथं कोणीच नाई."

"तेच तर. रांग नाही, गर्दी नाही."

"हाव, पन मंग पाहाले कसं आहे, हे समजन कसं?"

त्यांनी मन लावून किल्ला पाहिला असं मी म्हणणार नाही. ते चुळबुळत होते. विहिरीपाशी वाकले, एक खडा टाकला. बुरुजावर उभं राहून मी त्यांचा फोटो काढला, तो त्यांनी लगेच बघितला आणि मोबाइल परत दिला. आग्र्याच्या फोटोत त्यांच्या मागे धुकं आहे आणि धुक्यात दोनशे माणसं आहेत; तो त्यांनी देवघराशेजारी लावलाय. हा त्यांनी पाठव असंही म्हटलं नाही. आग्र्याहून आल्यापासून लाखनीत कोणीही भेटलं तरी ते रांगेपासून सुरुवात करतात. किती वाजता उठलो, किती थंडी होती, कुठपर्यंत शेपूट गेलं होतं, जवानाने मोजा कसा ओळखला. ताजमहाल त्या गोष्टीत शेवटी-शेवटी येतो, तोही पुसटसा. अंबागडहून घरी गेल्यावर त्यांनी काय सांगायचं? गेलो, पाहिलं, आलो?

खाली उतरलो तर पायथ्याशी एक म्हातारे गृहस्थ बकऱ्या चारत होते. भाटव्यांनी त्यांना राम राम घातला, पुडी पुढे केली. चिमूटभर घेऊन म्हाताऱ्यांनी ती ओठाआड ठेवली.

"का जी काकाजी," भाटवे म्हणाले, "इथं मानसं कवा येत्यात?"

"इथं कायले येतीन जी? कवा-मवा पोट्टे येत्यात फोटू काढाले."

"मंग इकडं गर्दी म्हनून होतच नाई?"

"होते ना. तिकडं गायमुखले. शिवरातीले जत्रा भरते महादेवाची."

"लय?"

"पाय ठेवाले जागा नसते बाप्पा. दर्शनाले रातपासून लायनी लागत्यात."

भाटव्यांचा चेहरा आग्र्याच्या दहा वाजताच्या धुक्यासारखा हळूहळू मोकळा होत गेला. गाडीत बसताना त्यांनी दार ओढून घेतलं, काच खाली केली, गायमुखचा रस्ता कोणता ते म्हाताऱ्यांना पुन्हा एकदा विचारून घेतलं आणि मग माझ्याकडे वळले.

"साळेबुवा, शिवरातीले येऊ. तिथल्या जत्रेच्या कमिटीत आपल्या ओळखीचा कोणी आहे का, तेवढं पाहून ठेवा."